गाडीवर रेडियम लावावे की नाही?

(मंडळाच्या वार्षिक सभेत, वाहनांसाठी स्टिकर छापून वाटण्याच्या सूचनेवर झालेले भाषण. सभासदांच्या आग्रहावरून येथे देत आहोत.)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत शेवटून दुसरा विषय आहे. दिसायला तो लहान आहे. आपल्या तरुण मंडळींनी अशी सूचना केली आहे की, मंडळाने 'जय महाराष्ट्र' आणि 'बिदर-भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' अशी दोन स्टिकर छापावीत व प्रत्येक सभासदाने ती आपल्या मोटारीवर आणि मोटारसायकलवर लावावीत. खर्च किरकोळ आहे. रेडियमवाला आपलाच माणूस आहे, तो सवलत देईल. मग यावर भाषण कशाला, असे कोणी म्हणेल. पण या विषयावरून घराघरांत बाप-लेकांचे वाद झाले आहेत हे मला ठाऊक आहे. म्हणून चार गोष्टी मांडतो.

प्रथम कायद्याचे बोलू, कारण त्याबद्दल दोन्ही बाजूंनी चुकीचे सांगितले जाते. नंबर प्लेटवर नंबराशिवाय काहीही लिहिता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ प्रमाणे नंबराची अक्षरे आणि आकडे इंग्रजी पद्धतीचेच हवेत. मराठीत नंबर लिहिला तर बिदरमध्येही दंड आहे आणि लातूरमध्येही आहे. त्यात कर्नाटक सरकारचा दुजाभाव नाही. दुसरे, पुढच्या व मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे, असा नियम आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये काळ्या फिल्मवर बंदी घातली ती याच नियमाच्या आधारे. म्हणजे मागची काच भरून रेडियम लावले तर पोलीस अडवू शकतो, मग त्यावर देवाचे नाव असो की पुढाऱ्याचे. तिसरे, निवडणुकीच्या आचारसंहितेत भाड्याच्या वाहनावर परवानगीशिवाय कोणत्याही पक्षाचा झेंडा किंवा स्टिकर चालत नाही. क्रुझर आणि टेम्पो चालवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

पण एवढे सोडले तर डिकीवर किंवा बंपरवर 'जय महाराष्ट्र' लिहू नये असा कोणताही कायदा नाही. मे २०१७ मध्ये कर्नाटकाचे तेव्हाचे मंत्री रोशन बेग यांनी बेळगावात जाहीर केले होते की, 'जय महाराष्ट्र' म्हणणाऱ्या लोकप्रतिनिधीचे पद रद्द करणारा कायदा आणू. तो कायदा झाला नाही. उलट महाराष्ट्राचे तेव्हाचे परिवहन मंत्री दिवाकर रावते यांनी एस.टी.च्या गाड्यांवरच 'जय महाराष्ट्र' लिहिण्याचे जाहीर केले. सांगायचा मुद्दा असा की, हे दोन शब्द गुन्हा नाहीत. ज्याने ते आपल्या खाजगी गाडीवर लावले आहेत, त्याला ते काढायला लावण्याचा अधिकार रस्त्यावरच्या कोणालाही नाही.

तेव्हा प्रश्न हक्काचा नाही. हक्क आहेच. तो कसा वापरावा, एवढाच प्रश्न आहे.

आपल्यातल्या बऱ्याच घरांतली मुले अमेरिकेत आहेत. तिकडे बंदूक बाळगण्याचा हक्क राज्यघटनेत आहे, १७९१ सालच्या दुसऱ्या दुरुस्तीने आलेला. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना लागतो. तिकडे तो नागरिकाचा मूलभूत हक्क समजतात. त्या हक्काचे समर्थक गाडीच्या मागे बंदुकीच्या बाजूची स्टिकर लावतात. पण त्यांच्यातलेच जाणते लोक सांगतात की ती लावू नका. कारण काय? ते स्टिकर वाचून कोणाचे मतपरिवर्तन होत नाही. चोराला मात्र कळते की या गाडीत बंदूक असू शकते आणि तो काच फोडतो. म्हणजे हक्काला धक्का न लावता, हक्क मानणारेच म्हणतात की जाहिरात नको. हे बोलणे भित्र्यांचे नाही. जो वस्तू सांभाळतो त्याचे आहे.

आता आपल्याकडे या. आपल्या स्टिकरचा वाचक कोण? आपला माणूस आपल्याला स्टिकरवरून ओळखत नाही. तो आडनावावरून, गावावरून, बोलण्यावरून ओळखतो. ज्याला आपल्याशी काही देणेघेणे नाही तो वाचत नाही. मन लावून वाचतो तो फक्त भांडण शोधणारा.

आणि भांडण आले म्हणजे काय होते ते आपण पाहिले आहे. ६ डिसेंबर २०२२ रोजी बेळगावजवळ हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली. त्याच दिवशी पुण्यात कर्नाटकाच्या बसला काळे फासले गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगाव भागात बसच्या वाहकाला मारहाण झाली, चित्रदुर्गात महाराष्ट्राच्या एस.टी. चालकाच्या तोंडाला काळे फासले आणि दोन्ही राज्यांच्या बसफेऱ्या काही दिवस थांबल्या. मार खाणाऱ्यांमध्ये सीमाप्रश्नाचा निकाल लावणारा एक तरी माणूस होता का? चालक होते, वाहक होते, माल घेऊन निघालेले ट्रकवाले होते.

यावर आपली तरुण मुले मला विचारतात, "काका, त्या ट्रकांवर कुठे स्टिकर होते? नंबर बघूनच दगड मारले ना? मग स्टिकर लावले काय नि न लावले काय!" प्रश्न चोख आहे. उत्तर असे की, आपला नंबर के.ए. आहे. बिदरचा ३८, भालकीचा ३९, कलबुर्गीचा ३२, बसवकल्याणचा ५६. पुण्याच्या बाजूला डोके फिरले तर आपला नंबर कर्नाटकाचा म्हणून दगड आपल्यावर, आणि आत बसलेली माणसे मराठी आहेत की नाहीत हे विचारायला कोणी थांबत नाही. त्यावर 'जय महाराष्ट्र' लावले तर इकडे डोके फिरेल तेव्हाही दगड आपल्यावरच. नंबर सरकारने दिला आहे, तो बदलता येत नाही. दुसरे कारण मात्र आपण पदरच्या पैशाने विकत घेणार.

दुसरी गोष्ट. आपल्या भागात गाडी एकट्याची नसते. ज्याच्या नावावर कागद आहेत तो लग्नाला जाताना कोणाकोणाला बसवून नेतो? सोलापूरच्या दवाखान्यात आजाऱ्याला नेतो, उदगीर-लातूरला मुलीला परीक्षेला सोडतो, शेजारच्या कन्नड बोलणाऱ्या काकूंना हुमनाबादच्या स्टँडवर उतरवतो. स्टिकर लावतो एक आणि त्याची जोखीम घेतात आत बसलेले सगळे. त्यांना कोणी विचारले आहे का?

इतिहासाचे दाखले देऊन कोणी म्हणेल की असे भिऊन राहिलो असतो तर निजामाचे राज्य गेलेच नसते. खरे आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या गोरट्यात मे १९४८ मध्ये रझाकारांनी माणसे कापली. गावात तिरंगा लागल्याचा राग हे त्यामागचे एक कारण सांगितले जाते. खुणेची किंमत काय असते हे आपल्याला दुसऱ्याने शिकवायला नको. पण म्हणूनच मी म्हणतो, जिची एवढी किंमत पडू शकते ती खूण दहा रुपयांच्या रेडियममध्ये छापून, बायका-मुलांच्या गाडीला चिकटवून वाटू नये. ज्याला ती मिरवायची आहे त्याने स्वतः, स्वतःच्या जबाबदारीवर, सभेत किंवा मोर्चात हातात धरावी. तिथे तो एकटा नसतो, आणि कशासाठी उभा आहे हे त्याला माहीत असते.

आता तुम्ही म्हणाल, गाड्यांवर इतके काही लिहिलेले असतेच की! असते, आणि त्यातून शिकण्यासारखे आहे. देवल गाणगापूरला पौर्णिमेला उभे राहा. एम.एच. १३, एम.एच. २५, एम.एच. १२, रांगेने गाड्या येतात. मागे 'श्री गुरुदेव दत्त' देवनागरीत लिहिलेले असते. अफझलपूर तालुक्यात त्या मराठी अक्षरांना कोणी दगड मारत नाही. आपल्या भालकी तालुक्यात मैलारच्या खंडोबाला येणाऱ्या गाड्यांवर 'येळकोट येळकोट जय मल्हार' असते. तो 'येळकोट' शब्द कन्नडातल्या 'एळु कोटी' वरून, म्हणजे सात कोटींवरून आला असे मानतात. कन्नड शब्द मराठी अक्षरांत, महाराष्ट्राच्या गाडीवर, कर्नाटकातल्या देवाच्या दारात! माणिकनगरच्या माणिकप्रभूंनी मराठी, कन्नड, हिंदी, उर्दू अशा भाषांतून पदे रचली. ही आपल्या मातीची रीत आहे. म्हणजे भांडण अक्षरांशी नाही. भांडण लागते ते दाव्याशी. हा फरक ओळखला तर मराठी लपवण्याची काहीच गरज नाही.

एक सूचना जाता जाता. 'मराठा', '९६ कुळी' अशी जातीची रेडियमे आपल्यात वाढली आहेत. उत्तर प्रदेशात सप्टेंबर २०२५ मध्ये, अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या निकालानंतर, सरकारने वाहनांवर जात लिहिण्यास बंदी केली. आपल्याकडे तशी बंदी येईपर्यंत थांबायचे कशाला? आपल्या भागात मराठी बोलणारा मराठा आहे, ब्राह्मण आहे, लिंगायत आहे, दलित आहे, मुसलमानही आहे. भाषेच्या नावाने एकत्र यायचे आणि गाडीवर जात लावून निम्म्यांना परके करायचे, हे दोन्ही एकदम जमत नाही.

मग करायचे काय? गप्प बसायचे? मुळीच नाही. गप्प बसण्याचीही किंमत आपण मोजतो आहोत. घरात मराठी बोलणाऱ्या पण मराठी वाचता न येणाऱ्या मुलांची संख्या आपल्या डोळ्यांदेखत वाढली आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या बिदर जिल्ह्याचे अहमदपूर, निलंगा, उदगीर तालुके मुंबई राज्यात गेले आणि आपण म्हैसूर राज्यात आलो. महाजन आयोगाने १९६७ मध्ये अहवाल दिला, तो महाराष्ट्राने मानला नाही. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. तो निकाल न्यायालय देईल, बंपर देणार नाही. तोपर्यंत आपल्या हाती जे आहे ते वापरू.

आपल्या हाती काय आहे? राज्यघटनेचे कलम २९ आणि ३० आहे. कलम ३५० अ आहे, ज्यात प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करावी असे सांगितले आहे. भाषिक अल्पसंख्याकांसाठी ठरलेल्या संरक्षणांत एक नियम असा आहे की, शाळेत ४० किंवा एका वर्गात १० मुले असतील तर त्यांच्या भाषेतून शिकवण्याची व्यवस्था करावी. दुसरा नियम असा की, जिल्ह्यात किंवा तालुक्यात एखादी भाषा बोलणारे १५ टक्के असतील तर महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्या भाषेतही प्रसिद्ध करावेत. हे टक्के कुठून येतात? जनगणनेतून. २०२७ च्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ ठरला आहे. मोजणीदार दारात उभा राहून मातृभाषा विचारतो, तेव्हा आपल्यातले कितीतरी लोक सवयीने म्हणतात, "लिहा काहीही!" गाडीवर 'जय महाराष्ट्र' आणि जनगणनेच्या रकान्यात 'काहीही', असे झाले तर त्या रेडियमचा काय उपयोग?

तेव्हा सभेपुढे माझी दुरुस्ती अशी. एक, मंडळाने वाहनांसाठी राजकीय घोषणेचे स्टिकर छापू नये व वाटू नये. दोन, ज्या सभासदाने स्वतःच्या मर्जीने ते लावले असेल त्याला कोणी टोचून बोलू नये. आणि त्यावरून त्याच्या गाडीला धक्का लागला तर तक्रार नोंदवायला मंडळाचे पदाधिकारी त्याच्याबरोबर पोलीस ठाण्यात जातील. तीन, स्टिकरसाठी जो पैसा ठरवला होता त्यातून एक साधे पत्रक छापावे: 'मातृभाषा विचारल्यावर मराठी सांगा, आणि ती लिहिली गेली का ते पाहा.' हे पत्रक तरुण मंडळींनीच घरोघर न्यावे. त्यांच्या अंगात जोर आहे, तो इथे लागावा.

मुलांनो, तुमच्या उत्साहावर पाणी टाकायला मी उभा राहिलो नाही. उद्या गाडी तुमची असेल आणि आत तुमची मुले बसलेली असतील. तेव्हाही तुम्हाला लावावेसे वाटले तर खुशाल लावा. पण आत बसलेल्यांना आधी विचारा.