विश्रामपूरचे पाद्रीसाहेब

भिलाई म्हटले की पोलादाची भट्टी आणि रशियन तंत्रज्ञ डोळ्यांसमोर येतात. परंतु त्यांच्या कितीतरी आधी, 1868 साली, याच छत्तीसगडात एका परदेशी गृहस्थाने आपले बिऱ्हाड थाटले होते. ऑस्कर लोर हे जर्मन पाद्री. पूर्वी ते रांचीस होते. 1857 च्या धामधुमीनंतर अमेरिकेस गेले आणि तेथील जर्मन मिशनच्या वतीने परत आले. सतनामी पंथ मूर्तिपूजा मानीत नाही, यावर त्यांची मोठी भिस्त!

रायपूरच्या उत्तरेस जमीन विकत घेऊन त्यांनी वसविलेले गाव म्हणजे विश्रामपूर. विश्रांती मात्र नावापुरतीच. जमीन घेतली, तेव्हा पाद्रीसाहेब मालगुजारही झाले! विदर्भातील श्रोत्यांना या शब्दाचे वजन सांगावयास नको. प्रार्थनेच्या वेळी जे बंधू, तेच सारावसुलीच्या वेळी कुळे. बांधावरचे तंटेही साहेबांपुढेच यावयाचे.

खरी पंचाईत झाली ती चुडीची. नवऱ्यापासून विभक्त झालेल्या स्त्रीला बांगड्या भरून दुसऱ्याने नांदविण्याची ही तिकडची जुनी रीत. मिशनने तिला व्यभिचार ठरविले, शिक्षा फर्मावल्या. बाप्तिस्मा घेतलेली मंडळी रविवारी देवळात येत, साहेबांचे ऐकून घेत आणि घरी जाऊन बांगड्या भरीत.