सूट कोणाच्या खिशातून?



शालेय गणितात ‘सूट’ हा धडा साऱ्यांनीच गिरवलेला असतो. छापील किंमत दिलेली असते, शेकडा सूट दिलेली असते आणि विक्री किंमत काढायची असते. वजाबाकी जमली की पूर्ण गुण मिळतात. मात्र त्या उदाहरणात एक प्रश्न कधीच विचारलेला नसतो : वजा झालेली रक्कम गेली कोणाच्या खिशातून? ऑनलाइन बाजारात स्वस्त माल विकणाऱ्या व्यवसायांचे यशापयश या न विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरात दडलेले आहे.

सूट चार ठिकाणांहून येऊ शकते. गुंतवणूकदाराच्या भांडवलातून, माल पुरवणाऱ्याच्या नफ्यातून, खुद्द ग्राहकाच्याच खिशातून, म्हणजे आधी किंमत फुगवून मग ती उतरवल्याचा देखावा करून, आणि चौथे म्हणजे वाचवलेल्या खर्चातून. पहिला झरा आटतो, दुसरा पुरवठादार रुसला की थांबतो, तिसरा एक ना एक दिवस उघडा पडतो. आडात नसेल तर पोहऱ्यात येणार कोठून? टिकते ती चौथी सूट.

भारतातील ऑनलाइन व्यापाराच्या वाटचालीत या चारही वाटा दिसतात. सचिन बन्सल आणि बिन्नी बन्सल यांनी २००७ साली बंगळूर येथे फ्लिपकार्टचा आरंभ केला, तो पुस्तकविक्रीने. न पाहिलेल्या दुकानदाराला आगाऊ पैसे देण्यास भारतीय ग्राहक कचरत असे. २०१० मध्ये या कंपनीने माल हाती पडल्यावर पैसे देण्याची सोय केली आणि तो संकोच ओसरू लागला. वाढ झाली ती केवळ स्वस्ताईमुळे नव्हे, तर विश्वासामुळे.

६ ऑक्टोबर २०१४ रोजी याच कंपनीने ‘बिग बिलियन डे’ नावाचा एका दिवसाचा सवलतमेळा भरवला. गर्दीच्या भाराने संकेतस्थळ अडखळले, पाहता पाहता माल संपला, नोंदवलेल्या ऑर्डरी रद्द झाल्या आणि काही वस्तूंच्या किमती आधीच वाढवल्याच्या तक्रारी झाल्या. दुसऱ्याच दिवशी संस्थापकांनी ग्राहकांना पत्र लिहून क्षमा मागितली. पुढच्या वर्षी तोच मेळा पाच दिवसांत विभागण्यात आला. सवलत जाहीर करणे सोपे असते. ती शेवटच्या ग्राहकापर्यंत निभावून नेणे हा खरा व्यवसाय होय.

हा व्यवसाय किती अरुंद वाटेवरून चालतो, हे एका काल्पनिक उदाहरणावरून ध्यानात येईल. समजा, एक कुर्ता ३०० रुपयांना विकला. त्यातील २०० रुपये शिवणाऱ्या कारखानदाराचे, ५० रुपये घरपोच पोचवण्याचे, १० रुपये पॅकिंगचे आणि २५ रुपये जाहिरात व कार्यालयाचे. बेरीज २८५, उरले १५ रुपये. आता दहा कुर्ते पाठवले आणि त्यातील एक परत आला. नऊ कुर्त्यांचा नफा १३५ रुपये. परत आलेल्या एका कुर्त्यावर झालेला ८५ रुपयांचा खर्च बुडाला आणि तो माघारी आणण्यास आणखी ५० रुपये लागले. म्हणजे तोटा नेमका १३५ रुपये. हा परतलेला कुर्ता धडधाकट आणि पुन्हा विकण्याजोगा आहे असे धरूनही, नऊ घरांतून मिळालेली कमाई एका घराच्या दारावरून परत गेली.

म्हणून सवलतीच्या व्यापारात आणखी पाच टक्के सूट देण्यापेक्षा परत येणारा माल कमी करणे अधिक मोलाचे ठरते. त्याचे उपायही साधे असतात. छायाचित्रातील रंग खरा असावा. मापाचा तक्ता इंचांत आणि बिनचूक असावा. कापड धुतल्यावर आटत असेल तर तसे आधीच लिहावे. इथे प्रामाणिकपणा हा केवळ सद्गुण राहत नाही. तो जमाखर्चाच्या वहीत रुपयांनी मोजता येतो.

खर्च वाचवण्याची दुसरी वाट मालाच्या उगमाशी जाते. विदित आत्रेय आणि संजीव बर्नवाल यांनी २०१५ मध्ये स्थापन केलेल्या मीशोने आरंभी घरबसल्या विक्री करणाऱ्यांना, विशेषतः स्त्रियांना, व्हॉट्सॲपवरून ओळखीच्या वर्तुळात माल विकण्याचे साधन दिले. २०२१ मध्ये विक्रेत्यांकडून कमिशन न घेण्याचे धोरण तिने स्वीकारले आणि उत्पन्न जाहिरात व वाहतूकविषयक सेवांतून उभे केले. सुरतेच्या साड्या, तिरुप्पूरचे होजिअरीचे कपडे किंवा पानिपतच्या चादरी उत्पादकाकडून थेट ग्राहकाकडे गेल्या की मधल्या हातांचा खर्च वाचतो. मोठ्या नाममुद्रेच्या जाहिरातीचा भारही किमतीवर पडत नाही. २०१० मध्ये सवलतीच्या कूपनांपासून सुरू झालेल्या स्नॅपडीलनेही २०१७ मध्ये फ्लिपकार्टशी विलीनीकरणाची बोलणी फिसकटल्यावर खर्चाला कात्री लावली आणि ती स्वस्त, नित्योपयोगी मालाकडे वळली. प्रतिस्पर्ध्याच्या भांडवलाशी शर्यत लावण्यापेक्षा स्वतःचा खर्च आवरणे हाच तिच्यापुढचा मार्ग होता.

कायद्यानेही हाच धडा दिला आहे. परकीय गुंतवणूक असलेल्या ऑनलाइन बाजारपेठांनी विक्रेत्याच्या किमतींवर प्रभाव टाकू नये, असा नियम केंद्र सरकारने केला. डिसेंबर २०१८ मध्ये त्याची चौकट अधिक कडक झाली. २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी खोटी घाई निर्माण करणे, ग्राहकाच्या नकळत टोपलीत वस्तू घालणे, शेवटच्या पायरीवर छुपे आकार उघड करणे, अशा क्लृप्त्यांना मनाई केली. ‘फक्त दोन नग शिल्लक’ हे वाक्य खरे असेल तर ती माहिती आहे; खोटे असेल तर ती फसवणूक आहे.

चार खिशांच्या यादीत एक पाचवा खिसाही सहज विसरला जातो : भर उन्हात वा पावसात जिने चढून पार्सल पोचवणाऱ्याचा. मधल्या हातांचा खर्च वाचवणे निराळे आणि राबणाऱ्या हातांची मजुरी कापणे निराळे. त्याच्या घामातून काढलेली सूट हिशेबात काटकसर म्हणून दिसते, पण ती काटकसर नव्हे.

विद्यार्थी मित्रहो, उद्या कोणी दुकान उघडेल, कोणी घरच्या दुकानाला ऑनलाइन बाजाराशी जोडेल, कोणी एखाद्या गोदामाचा हिशेब सांभाळेल, आणि ग्राहक तर प्रत्येक जण होईलच. तेव्हा गणिताच्या वहीतील ते जुने उदाहरण पुन्हा सोडवावे लागेल. सूट किती, हे काढून झाल्यावर ती कोणाच्या खिशातून आली, हेही लिहावे. ते उत्तर उजळ माथ्याने लिहिता आले, तरच उदाहरण बरोबर सुटले असे समजावे.