जमिनीचा ताप मोजणारी माणसं

(मंडळाच्या शरद ऋतूतील स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा थोडा संक्षिप्त केलेला मजकूर)



'आवडीच्या विषयावर वीस मिनिटं बोला' असं कार्यकारिणीनं सांगितलं, तेव्हा मी 'कायमची गोठलेली जमीन' हा विषय कळवला. त्यावर फोनवर थोडी शांतता पसरली. दिवाळीच्या तोंडावर हे काय, असं तुमच्याही मनात आलं असेल. पण जर्मनीत, बर्लिनच्या अगदी शेजारी, या विषयावर जगातलं मोलाचं काम चालतं आणि आपल्यापैकी फार थोड्यांना त्याची कल्पना आहे, म्हणून हा हट्ट. मी स्वतः शास्त्रज्ञ नाही, मोजमापाच्या उपकरणांच्या व्यवसायातला इंजिनिअर आहे. त्यामुळे माझं लक्ष 'काय सापडलं' यापेक्षा 'मोजलं कसं' इकडे जास्त जातं.

तसं पाहिलं तर आर्क्टिक प्रदेश मराठी माणसाला अगदीच परका नाही. लोकमान्य टिळकांचं 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' १९०३ साली प्रसिद्ध झालं. त्यातला सिद्धांत आज विद्वान मानत नाहीत ही गोष्ट वेगळी, पण महिनोन्‌महिने चालणाऱ्या रात्रीचा विचार पुण्यात बसून करणारा माणूस आपल्याकडे होऊन गेला, हे खरं. आणि आज भारताचं 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र स्वालबार्ड बेटांवरच्या न्यू-ऑलेसुंड या चिमुकल्या गावात २००८ पासून आहे. त्याचा कारभार गोव्यात वास्कोला असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय संशोधन संस्थेकडून चालतो. त्याच गावात जर्मन आणि फ्रेंच लोकांचं संयुक्त केंद्रही आहे. म्हणजे ७९ अंश उत्तरेला गोव्याची माणसं आणि जर्मन माणसं एकमेकांचे शेजारी आहेत!

आता मुद्द्याकडे वळतो. जी जमीन सलग किमान दोन वर्षं शून्य अंश किंवा त्याखाली राहते तिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. जर्मन शब्द 'डाउअरफ्रॉस्टबोडेन', म्हणजे आपल्या भाषेत चिरगोठ जमीन म्हणू. उन्हाळ्यात तिचा वरचा थर वितळतो, त्यावर गवत उगवतं, फुलंही येतात. पण खाली फावडं मारलं की खणखणीत दगडासारखी. किती खोलपर्यंत? सैबेरियात याकुत्स्कला शेर्गिन नावाच्या व्यापारी कंपनीच्या माणसानं १८२८ ते १८३७ अशी जवळजवळ दहा वर्षं विहीर खणली. ११६ मीटर खाली गेला, पण पाणी लागलं नाही. तिथेही जमीन गोठलेलीच होती. पाण्याच्या दृष्टीनं विहीर वाया गेली, पण पुढे शास्त्रज्ञांनी तिच्यात तापमापक सोडले आणि या जमिनीचं तापमान खोलवर मोजण्याला सुरुवात झाली.

या जमिनीत हजारो वर्षांची झाडंझुडपं, मुळं, प्राण्यांचे अवशेष न कुजता पडून आहेत. फ्रीजरमध्ये ठेवलेल्या भाजीसारखे. उत्तरेकडच्या या जमिनीत सुमारे १,५०० अब्ज टन कार्बन साठलेला आहे, वातावरणात आहे त्याच्या जवळजवळ दुप्पट. फ्रीजर बंद पडला की भाजीचं जे होतं तेच इथेही होतं. जंतू कामाला लागतात आणि कार्बन डायऑक्साइड व मिथेन बाहेर पडतात. त्यानं हवा आणखी तापते, आणि मग जमीन आणखी वितळते. हे एका दिवसात होत नाही, आणि एकदा सुरू झालं की आपल्या हातातही राहत नाही.

मग हा फ्रीजर चालू आहे की नाही, हे कळायचं कसं? पद्धत ऐकायला सोपी आहे. आपल्याकडे पाण्यासाठी मारतात तशी बोअर मारायची, तिच्यात तापमापकांची एक लांब माळ सोडायची आणि वरच्या पेटीत आकडे जमा होऊ द्यायचे. खोल कशासाठी जायचं, तर पृष्ठभाग फार चंचल असतो. आज ऊन, उद्या हिमवृष्टी. वैशाखातही विहिरीचं पाणी गार लागतं ना? कारण उन्हाळा खाली पोहोचेपर्यंत विरून जातो. बऱ्याच ठिकाणी दहा-वीस मीटर खाली उन्हाळा-हिवाळ्याचा फरक जवळजवळ उरतच नाही. तिथला पारा हलला, तर तो एखाद्या कडक उन्हाळ्यामुळे हललेला नसतो. तो वर्षानुवर्षांच्या बदलाचा हिशोब असतो.

पण त्यासाठी वर्षानुवर्षं मोजावं लागतं. नेमकी इथेच पॉट्सडॅमची गोष्ट येते.

पॉट्सडॅमच्या स्टेशनमागे टेलिग्राफेनबर्ग नावाची झाडीची टेकडी आहे. आइन्स्टाइन मनोरा पाहायला तुमच्यापैकी काही जण गेले असतील. त्याच टेकडीवर १ जानेवारी १८९३ पासून हवामानाची नोंद अखंड चालू आहे. दोन महायुद्धं झाली, राजा गेला, हिटलर आला आणि गेला, देशाचे दोन तुकडे झाले, पुन्हा एक झाले, पण नोंद थांबली नाही. विशेष म्हणजे तिथे जमिनीखालचं तापमानही १२ मीटर खोलीपर्यंत मोजतात. एका रविवारी मी मुलाला तिथे फिरायला नेलं होतं. तो म्हणाला, "बाबा, रोज तेच ते लिहून यांना कंटाळा येत नाही?" मी म्हटलं, "येत असेल. पण आपल्या तालुक्याच्या गावी सकाळी साडेआठला पर्जन्यमापक बघणाऱ्या माणसालाही येत असेल. त्यानं एक दिवस पाहिलं नाही, तर त्या दिवसाचा पाऊस परत कोण मोजणार?"

अशी चिकाटी आपल्याकडेही होती. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत. शहरात विजेच्या ट्राम येणार आणि त्यामुळे सुया बिघडणार हे दिसल्यावर १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभी केली. पण कुलाबा लगेच बंद केलं नाही. दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी मोजलं, म्हणजे जुना धागा नव्याला नीट जोडता यावा. गंमत अशी की पॉट्सडॅमच्या चुंबकीय वेधशाळेलाही विजेच्या गाड्यांमुळेच गाव सोडावं लागलं. आधी १९०७ मध्ये सेडीनला आणि पुढे १९३० मध्ये नीमेकला.

तर याच टेलिग्राफेनबर्गवर १९९२ पासून आल्फ्रेड वेगेनर संस्थेची शाखा आहे. वेगेनर म्हणजे खंड सरकतात हे सांगणारे, बर्लिनला जन्मलेले आणि १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फावर मोहिमेतच वारलेले. इथले शास्त्रज्ञ १९९८ पासून दोन ठिकाणी गोठलेली जमीन मोजू लागले. एक न्यू-ऑलेसुंडजवळ बायेल्वा, आणि दुसरं सैबेरियात लेना नदीच्या त्रिभुज प्रदेशातलं सामॉयलोव बेट. सामॉयलोवला सुमारे २१ मीटर खोलीवर २००६ मध्ये तापमान उणे ९.१ अंश होतं. २०१७ मध्ये ते उणे ७.७ झालं. अकरा वर्षांत जवळजवळ दीड अंश, आणि तेही जिथे उन्हाळा पोहोचत नाही तिथे!

जगभरच्या अशा बोअरचे आकडे पॉट्सडॅमच्याच बोरिस बिस्काबोर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकत्र केले आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध केले. २००७ ते २०१६ या काळात गोठलेली जमीन सरासरी ०.२९ अंशांनी तापली, सलग गोठलेल्या थंड पट्ट्यात ०.३९ अंशांनी, डोंगरांमध्ये ०.१९ अंशांनी.

०.१९ म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. इथे एक मेख आहे. सरबताच्या पेल्यात बर्फाचा खडा आहे तोवर सरबत गारच लागतं. बाहेरून आलेली उष्णता खडा वितळवण्यातच खर्च होते, तापमान फारसं चढत नाही. शून्याच्या जवळ आलेल्या जमिनीचंही तसंच असतं. आकडा जागचा हलत नाही आणि आतला बर्फ मात्र संपत असतो. म्हणून आकडा स्थिर दिसला की निर्धास्त व्हायचं नसतं. तो आकडा कुठे स्थिर आहे ते पाहावं लागतं.

याची झळ इथेही आहे. झुगस्पिट्झेवर आपण केबल कारनं जातो, फोटो काढतो. त्या शिखराच्या खडकातल्या भेगांमध्येही गोठलेला बर्फ आहे, आणि तो सिमेंटसारखा खडक धरून ठेवतो. बायर्नच्या पर्यावरण खात्यानं २००७ मध्ये तिथे बोअर मारून तापमान मोजायला सुरुवात केली. स्वित्झर्लंडमध्ये कॉर्वाच डोंगरावर १९८७ पासूनची नोंद आहे. जून २०२३ मध्ये शेजारच्या टिरोलमध्ये फ्लुख्टहॉर्नचं एक शिखर कोसळलं. सुमारे दहा लाख घनमीटर खडक खाली आला. सुदैवानं कुणी दगावलं नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये उत्तराखंडात चमोलीला खडक आणि बर्फाचा कडा कोसळला, तेव्हा दोनशेहून अधिक माणसं गेली. आल्प्समध्ये अशा डोंगरांच्या आत कान लावून बसलेली यंत्रं आहेत. हिमालयात अशा दीर्घ नोंदी अगदी तुरळक आहेत.

आता खरी दुखरी गोष्ट. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर आक्रमण केलं आणि जर्मन संस्थांनी रशियन सरकारी संस्थांबरोबरचं सहकार्य थांबवलं. तो निर्णय का घ्यावा लागला हे इथे बसलेल्या प्रत्येकाला समजतं. पण त्याबरोबर पॉट्सडॅमच्या माणसांचं सामॉयलोवला जाणंही थांबलं. वीसहून अधिक वर्षं दोन देशांच्या माणसांनी मिळून जे काम चालवलं होतं, ते तुटलं. जगातल्या गोठलेल्या जमिनीचा फार मोठा वाटा रशियात आहे. रशियातली केंद्रं वगळली, तर आर्क्टिकचं चित्रच एका बाजूला झुकतं, असं २०२४ मध्ये 'नेचर क्लायमेट चेंज'मधल्या अभ्यासानं दाखवलं. उपग्रह आहेत ना, असं कुणी म्हणेल. उपग्रहाला खचलेली जमीन दिसते, नवी तळी दिसतात. वीस मीटर खालचा पारा त्याला दिसत नाही.

पैसा नंतर उभा करता येतो, यंत्रं नंतर विकत घेता येतात. पण २०२३ सालचं तापमान २०३० मध्ये जाऊन मोजता येत नाही. वहीतलं कोरं पान कोरंच राहतं.

मंडळी, आपण सगळे घर सोडून आलेली माणसं आहोत. धागा तुटू न देणं म्हणजे काय, ते आपल्याला कुणी शिकवायला नको. म्हणून दोनच विनंत्या करतो. एक, मुलांना घेऊन एकदा टेलिग्राफेनबर्गवर जा. आणि दोन, उद्या तुमच्या मुलीनं म्हटलं की 'मला जमिनीतली भोकं मोजायला जायचंय', तर 'त्यात करिअर काय?' हा आपला ठरलेला प्रश्न जरा गिळा. १८९३ मध्ये पहिला आकडा लिहिणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग पाहायला मिळाला नसेल. तो आपल्याला होतोय. आज लिहिलेला आकडा आपल्या नातवंडांच्या उपयोगी पडेल, पण त्यासाठी आज कुणीतरी तो लिहायला हवा.