मुलाच्या मनाची ओढ
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाने मला चार शब्द बोलायला सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा मोठ्या गोष्टी मी सांगणार नाही. मुलाला काही शिकवायचे तर आधी त्याच्या मनाची ओढ कशी ओळखावी, एवढाच माझा विषय आहे.

मूल शिकत नसले की "गाढवाला गुळाची चव काय" ही म्हण आपल्या तोंडी हमखास येते. पण गूळ आवडतो तो आपल्याला! त्या मुलाला काय आवडते, हे आपण विचारतो का? बोलणारे मूल निदान सांगेल तरी. ज्याला बोलताच येत नाही, त्याने कसे सांगावे?

माझ्या धाकट्या जावेचा मुलगा असाच. पाच वर्षांचा झाला तरी तोंडातून शब्द नाही, हाक मारली तरी मान वळवीत नसे. डॉक्टरांनी स्वमग्नता म्हणून सांगितले. लोक म्हणू लागले, "याला काय शिकवायचे? खाऊ घाला नि सांभाळा." जावेचे डोळे कोरडे राहत नसत. पुढे अशा मुलांना शिकवणाऱ्या शहरातल्या एका बाईंकडे आम्ही त्याला नेले. त्यांनी विचारले, "याला काय आवडते?" जाऊ म्हणाली, "पेढा." बाईंनी ते लिहून घेतले आणि म्हणाल्या, "आता त्यालाही विचारू."

त्यांनी सहा वस्तू घेतल्या: पेढ्याचा तुकडा, मुरमुरे, चेंडू, खुळखुळा, रंगीत रुमाल आणि डब्याचे स्टीलचे झाकण. दर वेळी त्यातल्या दोनच वस्तू, सारख्या अंतरावर, त्याच्यापुढे ठेवायच्या आणि "घे" म्हणायचे. ज्या वस्तूला त्याचा हात लागेल ती क्षणभर त्याची. मग दुसरी जोडी. प्रत्येक वस्तूची दुसऱ्या प्रत्येकीशी गाठ घालायची. सहा वस्तूंच्या अशा १५ जोड्या होतात. काही मुले नेहमी एकाच बाजूची वस्तू उचलतात, म्हणून बाजूही बदलत राहायचे. वहीत खुणा केल्या. प्रत्येक वस्तू पाच वेळा पुढे आली होती. पेढा त्याने दोनदा घेतला आणि झाकण पाचही वेळा! ते जमिनीवर गरगर फिरवण्यात त्याचा जीव रमत होता.

मग ते झाकणच त्याचे बक्षीस झाले. त्याने हात पुढे केला की लगेच झाकण. थोडे खेळू द्यायचे, परत मागून घ्यायचे, पुन्हा वाट पाहायची. काही महिन्यांनी तो "दे" म्हणू लागला. सदऱ्याच्या बाहीत आपणहून हात घालू लागला. ज्याचे मूल आहे त्या आईला विचारा, हे किती मोठे आहे ते.

बाईंनी सांगितलेल्या गोष्टी आपणही ध्यानात ठेवाव्या. बक्षीस काम होताच द्यावे, उशिरा नव्हे. ते थोडेच द्यावे. पोट भरले की लाडूचीही गोडी जाते. मूल रडू लागल्यावर गप्प करण्यासाठी दिले तर ते रडायलाच शिकते. त्याचे जेवण मात्र बक्षिसासाठी कधी अडवू नये. बक्षिसाबरोबर शाबासकीचा शब्द असावा, म्हणजे पुढे नुसता शब्दही पुरू लागतो. आणि आवड बदलते, म्हणून अधूनमधून पुन्हा विचारावे.

जोड्या लावून आवड ओळखण्याची ही रीत अमेरिकेत फिशर नावाच्या अभ्यासकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली मांडली. पण मुलाच्या ओढीवरून शिकवण्याचा विचार आपल्या मुलखाला परका नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली समुद्रकाठच्या बोर्डी गावी बालवाडीचे काम सुरू केले. महागडी साधने न आणता त्यांनी शिंपले, खडे, बिया, पाने अशा मुलांच्या ओळखीच्या वस्तूंतून शिकवले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा शिकवणाऱ्या बायाच त्यांच्या वस्तीत, त्यांच्या अंगणात गेल्या. अंगणवाडी ही कल्पना तिथलीच. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर त्यांनी कुरणशाळा काढली. मूल येत नाही म्हणून त्याला दोष न देता, ते जिथे रमते तिथे त्या गेल्या.

मैत्रिणींनो, आपल्या रोहिणखेडात एखाद्या घरी असे मूल असेल तर त्याला वेडे म्हणून बाजूला सारू नका, आणि त्याच्या आईला दोष देऊ नका. डॉक्टरांना दाखवा, अंगणवाडीच्या ताईंना सांगा. आणि तोवर त्याच्यापुढे दोन वस्तू ठेवून पाहा. तोंडाने बोलत नसले तरी मूल हाताने बोलते. ते वाचायला फार शिक्षण लागत नाही, थोडा धीर लागतो.