चाकाचा ‘आऊट’ घरच्या घरी

(वर्धापनदिनी मंडळात झालेले भाषण)



शिवणयंत्राच्या दोऱ्याचा ताण आपण सहज जमवतो. मग सायकलचे चाक डुलू लागले, की ते काम मुलग्यांचेच असे का मानावे? मुलगी सायकलने शाळेला जात असेल, तर सायकल भिंतीला टेकली म्हणजे तिची शाळाही थांबते. भाऊ कधी मोकळा होईल याची वाट तिला पाहावी लागू नये, एवढ्यासाठी हे चार शब्द.

साध्या काळ्या सायकलीच्या पुढच्या चाकाला बहुधा ३२ आणि मागच्याला ४० स्पोक असतात. मागे भार जास्त, म्हणून तार जास्त. एक स्पोक हबच्या उजव्या बाजूला जातो, तर पुढचा डाव्या. बारीक तार दाबली तर वाकते, पण ओढून धरली तर मोठा भार पेलते. एक स्पोक सैल पडला, की त्याचे ओझे शेजारच्यांवर येते आणि पुढे तेही तुटू लागतात.

सायकल उलटी उभी करावी. प्रत्येक निपलला तेलाचा थेंब द्यावा. स्पोक बोटाने छेडून पाहावेत. एकाच बाजूचे स्पोक साधारण एका सुरात वाजले पाहिजेत. जो बद्द वाजेल तो सैल. मग चिमट्याला हात टेकवून खडू रिमजवळ स्थिर धरावा आणि चाक फिरवावे. रिम जिथे बाहेर येते तिथे खूण उमटते. खूण उजवीकडे असेल, तर तिथले डावे स्पोक पाव फेरा आवळावेत आणि उजवे पाव फेरा सैल करावेत. टायरच्या बाजूने पाहताना घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवले, की निपल आवळते. प्रत्येक वेळी चाक फिरवून पाहावे. घाई केली, तर आऊट दुसरीकडे सरकतो.

रिमच चेपली असेल, तर मात्र दुकान गाठावे. आवळलेल्या स्पोकचे टोक आत वर आले, तर ते कानशीने घासावे, नाहीतर ट्यूब पंक्चर होते.

मंडळाने निपल फिरवायची एक चावी कपाटात ठेवावी, एवढी माझी सूचना आहे. ती सर्वांच्या हाताखालून जावी आणि पुढच्या वर्षी आपल्या मुलींनीच हे काम इथे करून दाखवावे.