संक्रांत आणि सूर्य



संक्रांतीस उत्तरायण लागते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. सूर्य मात्र २१-२२ डिसेंबरलाच उत्तरेकडे वळतो. संक्रांत येते १४-१५ जानेवारीस. मधले हे तीन आठवडे कोठले? आमची पंचांगे वर्ष मोजतात नक्षत्रांवरून, ऋतू चालतात सायन वर्षाने. दोहोंत दरसाल सुमारे २० मिनिटांचा फरक. सत्तर-एक वर्षांत एक दिवस. १९५७ साली सरकारने राष्ट्रीय दिनदर्शिका ऋतूंशी जुळवून घेतली. पण तिच्या तारखेवर सण करणारे घर आमच्या तरी पाहण्यात नाही.

मग आमची श्रद्धा खोटी काय? आम्हांस तसे वाटत नाही. पूर्वजांनी जे डोळ्यांनी पाहिले त्याची ही आठवण आहे. आठवण आम्ही जपली, पाहणे तेवढे सोडले. तीळ, गूळ, बाजरीची भाकरी यांना गोडी आहे ती थंडीमुळे. काही हजार वर्षांनी हाच सण उन्हाळ्यात गेला, तर ती भाकरी कोणाच्या घशाखाली उतरेल?

सणाची तारीख आजच बदला, असा आमचा आग्रह नाही. येत्या २२ डिसेंबरला मुलांना गच्चीवर न्यावे, सूर्य कोठे मावळतो त्याची खूण धरून ठेवावी आणि संक्रांतीच्या सायंकाळी त्याच जागेवरून पुन्हा पाहावे. सूर्य खुणेच्या उत्तरेला सरकलेला दिसेल. मग तिळगूळ हातावर ठेवावा. तो त्यांना अधिक गोड लागेल, अशी आमची खात्री आहे.