खतावणीतला राहिलेला रकाना
(१९९५च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला फोन केला तेव्हा विषय सुचवला होता, ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि उद्याचं जग’. मी सॉफ्टवेअरमध्ये असल्यामुळे असं होणारच. पण गेल्या काही वर्षांत मला जे खरं शिकायला मिळालं, ते ऑफिसात नाही, गोठ्यात. म्हणून आज मी शेणाबद्दल बोलणार आहे. पहिल्या रांगेतल्यांनी नाकाला रुमाल लावायची गरज नाही.

आपल्या गणिताच्या बाई इथे बसल्या आहेत. वहीत उत्तर बरोबर असलं तरी त्या विचारायच्या, “ताळा करून बघितलास का?” बाई, मी एकदा ताळा केला नाही. त्याची गोष्ट सांगते.

तुमच्यातल्या काही जणांनी आमचं दिंडोरी तालुक्यातलं घर पाहिलंय. पाच एकर जमीन, त्यात द्राक्षं, टोमॅटो, थोडा गहू आणि मका. दारात चार गाई. २०११ साली मी पुण्याहून सुट्टीत घरी आले होते. नवा लॅपटॉप होता आणि अंगात उत्साह होता. अण्णांना आणि दादाला समोर बसवून मी शेताचा हिशेब मांडला. दुधाचे पैसे एका बाजूला. पेंड, चारा, डॉक्टर, माणसाची मजुरी दुसऱ्या बाजूला. गाई तोट्यात निघाल्या. द्राक्षबाग नफ्यात निघाली. माझा निष्कर्ष तयार होता: गाई विका, मक्याच्या जागीही बाग लावा, पाणी कमी पडलं तर बोअर घ्या.

अण्णा एवढंच म्हणाले, “आणि खताचं काय?”

मी म्हटलं, “विकत घेऊ.” आणि गाई बाजारात गेल्या.

बेरीज-वजाबाकी एकही चुकली नव्हती. उदाहरणच अर्धवट उतरवून घेतलं होतं.

पहिली दोन-तीन वर्षं मी बरोबर ठरले. मग शेणखताच्या ट्रॉलीचा भाव दरवर्षी चढत गेला, म्हणून ट्रॉल्या कमी झाल्या आणि रासायनिक खताच्या गोण्या वाढल्या. पाऊस पडला की पाणी वर साचायचं, आणि ऊन पडलं की जमिनीला भेगा. पाणी दिलेलं दोन दिवसांत कुठे जायचं कळायचं नाही. २०१६च्या उन्हाळ्यात विहिरीनं तळ दाखवला. दुसरं बोअर कोरडं गेलं, आणि दादाच्या डोक्यावरचं कर्ज वाढलं. माती तपासून आणली तर सेंद्रिय कर्ब ०.३४ टक्के. कागदावर शेरा होता: ‘कमी’.

अण्णा एकदाही म्हणाले नाहीत, “मी सांगितलं होतं.” म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

मग मी आणि दादा फिरायला लागलो. पहिल्यांदा गेलो ओझरला. विमानाच्या कारखान्यासाठी ओझर आपल्याला माहीत असतं, पण त्याची दुसरीही ओळख आहे. वाघाड धरणाच्या कालव्याच्या शेपटाकडचं हे गाव. वरच्या लोकांचं भिजून झालं की उरलं तर पाणी मिळायचं, आणि बहुधा उरायचं नाही. समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांना एकत्र केलं आणि १९९०-९१च्या सुमारास तिथे पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. त्यांचं मागणं असं होतं: पाणी आम्हाला मोजून द्या, पट्टी मोजलेल्या पाण्यावर घ्या, आत वाटप आम्ही करू. पावसाळ्यात कालव्याचं जादा पाणी नाल्यांवरच्या बंधाऱ्यांत सोडून त्यांनी विहिरी भरून घेतल्या. पुढे वाघाडचं सगळं लाभक्षेत्र शेतकऱ्यांच्या संस्थांकडे आलं, आणि २००५ साली सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा कायदाच राज्यानं केला.

मोजणं हा माझा धंदा. पण माझ्याच घरचं पाणी मी कधी मोजलं नव्हतं. पंप किती तास चालतो, मे महिन्यात विहिरीत किती परस पाणी असतं, याचा माझ्या तक्त्यात रकानाच नव्हता.

दुसरं गाव शेजारच्या जिल्ह्यातलं, नगर तालुक्यातलं हिवरे बाजार. तिथलं पाणलोटाचं काम, पोपटराव पवार, त्यांची पद्मश्री हे तुम्ही वाचलेलं असेल. मला वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटली. या गावानं डोंगरावर चराईबंदी केली. जनावर मोकळं सोडायचं नाही, गवत कापून आणायचं. एखाद्याला वाटेल, चरायला बंदी म्हटल्यावर दूध आटलं असेल. झालं उलटं. गवत टिकलं, माती थांबली, पाणी मुरलं, चारा वाढला, आणि रोजचं दीडशे लीटरच्या आसपास असलेलं गावाचं दूध पुढे चार हजार लीटरच्या घरात गेलं. ते गाव दरवर्षी पावसानंतर पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि पाऊस कमी असेल तर पिकं त्या मापानं घेतं. बाई, अख्खं गाव ताळा करतं!

२०१८च्या वसुबारसेला आमच्या दारात पुन्हा गाय आली. अण्णा तेव्हा अंथरुणावरच असायचे. काठी टेकत बाहेर आले, गाईच्या पाठीवर हात फिरवला आणि विचारलं, “शेणाचा खड्डा कुठं घेणार?” मला वाटलं होतं, त्यांचे डोळे वगैरे भरून येतील. त्यांना खड्ड्याची काळजी होती.

आज आमच्याकडे चार गाई आहेत. आठ का नाहीत, असं लोक विचारतात. गोठ्यात आठ मावतात, पण आमच्या बांधाच्या आत चारा चारांपुरताच पिकतो. गाय पाणी पिते ते थोडं. तिच्या चाऱ्याला पाणी लागतं ते कितीतरी जास्त. चारा विकत आणून आणि बोअर उपसून वाढवलेला गोठा मातीला काही देत नाही, उलट पाणी संपवतो. म्हणून बांधावर गवत, अर्ध्या एकरात मका आणि त्याचा मुरघास, थोडा घास, एवढ्यावर बसतील तेवढीच जनावरं. द्राक्षबागेतलं गवत गाईंना घालत नाही, कारण तिथे फवारण्या असतात. ते तिथेच बोदावर आच्छादन म्हणून राहतं. छाटणीची काडी पूर्वी आम्ही जाळायचो, आता बारीक करून तीही तिथेच पडते.

गोठा मुक्तसंचार केला. दोरी नाही, गाई मोकळ्या फिरतात, रोजचं शेण उचलणं कमी झालं. एक घनमीटर गोबर गॅसला साधारण पंचवीस किलो शेण लागतं, त्या हिशेबानं दोन घनमीटरचं संयंत्र चार गाईंवर चालतं. वहिनीची चूल त्यावर पेटते आणि बाहेर पडणारी स्लरी बागेला जाते. शेततळं करावं का, यावर घरात भांडण झालं. पावसाचं पाणी साठवायला ते उत्तम. पण विहीर उपसून तळं भरायचं म्हणजे जमिनीखालचं गार पाणी वर काढून उन्हात वाळत घालायचं. आम्ही छोटं केलं, आणि ते फक्त पावसाळ्यात ओहोळाच्या पाण्यानं भरतो.

सगळं गोड झालं असं नाही. पहिली दोन वर्षं द्राक्षाचं वजन उतरलं. दादा माझ्याशी धड बोलत नव्हता. २०२२ साली लम्पीत एक गाय गेली. दुधाचा भाव पडतो तेव्हा नुसत्या दुधाच्या हिशेबात गाई अजूनही तोट्यातच निघतात. पण मी आता नुसत्या दुधाचा हिशेब करत नाही. न घेतलेली शेणखताची ट्रॉली, न लागलेल्या गोण्या, न भरलेला सिलिंडर, पंपाचे वाचलेले तास, या प्रत्येकाला रकाना आहे. वहिनीच्या गोठ्यातल्या तासांनाही आहे. २०११च्या तक्त्यात मजुरी होती ती गड्याची. घरच्या बाईचा वेळ मी, एका बाईनं, फुकट धरला होता. आता दुधाचे पैसे तिच्या खात्यावर जातात. हे सगळं मिळवून शेत गेली चार वर्षं नफ्यात आहे, कर्ज फिटत आलंय. नवीन बोअर घेतलेलं नाही. गेल्या वर्षी कर्ब ०.५८ आला. फार नाही, पण ट्रॉली विकत आणून हा आकडा येत नव्हता.

अण्णा २०१९च्या जानेवारीत गेले. नंतर आवराआवर करताना त्यांच्या जुन्या वह्या सापडल्या. उसनवारी, बियाणं, मजुरी, बाजारभाव, आणि दरवर्षी एक स्वतंत्र पान: कोणत्या तुकड्यात किती गाड्या शेणखत टाकलं. खालच्या शेतात सात, विहिरीजवळ चार, पुढच्या वर्षी उलट. २०११ नंतर ते पान नाही. जो रकाना मी राहून दिला, तो त्यांनी आयुष्यभर भरला होता. सातवी शिकलेला माणूस, आणि त्याच्या खतावणीत खत होतं. माझ्या खतावणीत ते नव्हतं.

आपल्यातल्या बऱ्याच जणांचं नाव आजही कुठल्यातरी सातबाऱ्यावर आहे. आपण नाशकात, पुण्यात, परदेशात. जमीन भाऊ बघतो, चुलते बघतात, आणि आपण फोनवर सल्ले देतो. तेव्हा माझं मागणं एवढंच आहे. पुढचा सल्ला द्यायच्या आधी गावी जा, माती तपासून घ्या, मे महिन्यात विहिरीत डोकावून बघा. आणि घरातल्या सगळ्यात जुन्या माणसाला विचारा, या हिशेबात काय राहिलंय? तो एकच शब्द बोलेल. तो लिहून घ्या. मी घेतला नव्हता.

बाई, ताळा करायला मला दहा वर्षं उशीर झाला. पण उत्तर आता जुळतंय.